भर हंगामात नारळ

29 सप्टेंबर 2013. पहाटे तीनच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विमानतळावर एक विमान उतरलं. त्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे यूएससीचा, फुटबॉल संघ होता. काही तासांपूर्वीच अॅरिझोना स्टेटने या संघाला 62-41 असं धुतलं होतं. पेंगुळलेली मुलं बसमध्ये चढली, मुख्य प्रशिक्षक लेन किफिनही चढले. तेवढ्यात त्यांना खाली बोलावणं आलं. क्रीडा संचालक पॅट हेडन यांना बोलायचं होतं. विमानतळावरच्याच एका छोट्या खोलीत दोघं बसले. किफिन यांनी आपली बाजू मांडून पाहिली, हुज्जत घातली, पण निर्णय आधीच झालेला होता. बाहेर बस प्रशिक्षकाला मागे ठेवून निघून गेली.

हरणाऱ्या प्रशिक्षकाला नारळ मिळतो, यात नवल काहीच नाही. नवल होतं ते वेळेचं. हंगामाचे पाचच सामने झाले होते. त्यातले तीन संघाने जिंकले होते, दोन हरले होते. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत वर्गशिक्षक बदलावा तसा हा प्रकार. त्या पहाटेनंतरच्या बारा वर्षांत मात्र अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये भर हंगामात प्रशिक्षकाला हाकलण्याची जणू रीतच पडली. आणि गंमत अशी की त्या रात्री यूएससीच्या ताफ्यात असलेली तीन माणसं या गोष्टीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक अंकात भेटत राहतात. एक खुद्द किफिन. दुसरे त्यांचे सहायक एड ऑर्जेरॉन. तिसरे आणखी एक सहायक, क्ले हेल्टन.

गोष्ट पुढे नेण्याआधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवं. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं असतं, फेकायचा असतो. पायाचं काम थोडंच. विद्यापीठांचे संघ सप्टेंबर ते नोव्हेंबर, बहुतेक शनिवारी, साधारण 12 सामने खेळतात. चांगली कामगिरी झाली तर वर एखादा ‘बोल’ सामना आणि अगदी वरच्या संघांना अजिंक्यपदाची संधी. खेळणारे विद्यार्थी. पाहणारे मात्र आपल्याकडच्या कसोटी सामन्यालाही हेवा वाटावा इतके. पेन स्टेटच्या मैदानात एक लाख सहा हजारांहून जास्त माणसं मावतात, लुइझियाना स्टेटच्या म्हणजे एलएसयूच्या मैदानात एक लाखाच्या वर, आणि नेब्रास्काच्या मैदानाची सगळी तिकिटं 1962 पासून दर सामन्याला विकली गेली आहेत. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामने दूरचित्रवाणीला विकण्यावरची राष्ट्रीय संघटनेची मक्तेदारी मोडली आणि पैशाचं धरण फुटलं. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काही द्यायला बंदी होती, म्हणून तो पैसा मैदानांत, व्यायामशाळांत आणि प्रशिक्षकांच्या पगारांत गेला. आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, न्यायाधीश नसतो. तो फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा कोच असतो.

एवढं सगळं असूनही पूर्वी कोचला काढायचं तर हंगाम संपायची वाट पाहिली जाई. त्यात सभ्यता होती, तसा हिशोबही होता. शाळेतून येणारी मुलं कोणत्या विद्यापीठात जायचं याच्या करारावर फेब्रुवारीत सही करत. म्हणजे नोव्हेंबरअखेर जुन्याला निरोप द्यायचा, डिसेंबरात नवा शोधायचा आणि जानेवारीत त्याने गावोगाव फिरून मुलं गोळा करायची, याला पुरेसा वेळ असे. संघातली मुलंही फारशी हलत नसत, कारण विद्यापीठ बदललं तर वर्षभर बाकावर बसावं लागे.

त्यामुळे 2008 च्या ऑक्टोबरात क्लेमसन विद्यापीठात जे घडलं ते अपवादच होतं. संघ हंगामाच्या सुरुवातीला देशात नवव्या क्रमांकावर धरला गेला होता आणि सहा सामन्यांनंतर तीन जिंकून, तीन हरून बसला होता. वेक फॉरेस्टकडून 12-7 अशी हार झाल्यावर चार दिवसांनी प्रशिक्षक टॉमी बाउडन पायउतार झाले. कागदोपत्री तो राजीनामा होता. दोन्ही बाजूंनी समजून-उमजून दिला-घेतलेला. क्रीडा संचालक टेरी डॉन फिलिप्स यांनी संघ सोपवला तो डॅबो स्विनी नावाच्या 38 वर्षांच्या सहायकाकडे. पास झेलणाऱ्या मुलांना शिकवणं हे त्यांचं काम. अख्ख्या आक्रमणाची जबाबदारीही त्यांनी तोवर कधी पेलली नव्हती. स्विनी यांनी पहिलं काय केलं तर आपल्याहून वरिष्ठ असलेल्या, आक्रमण आखणाऱ्या सहायकालाच घरी पाठवलं. पहिला सामना ते हरले. पुढचे जमेल तसे जिंकले, बोल सामना धरून सातपैकी चार. काही दैदीप्यमान नाही. तरी डिसेंबरात फिलिप्स यांनी त्यांनाच कायम केलं. त्या वेळी अनेकांनी कपाळावर हात मारला होता.

इथे मराठीची एक सोय आहे. मधल्या काळापुरत्या नेमलेल्या माणसाला आपण ‘हंगामी’ म्हणतो. या गोष्टीतले हंगामी प्रशिक्षक दोन्ही अर्थांनी हंगामी: पद तात्पुरतं आणि मुदत हंगामापुरती.

पुन्हा लॉस एंजेलिसला येऊ. किफिन यांची पाच सामन्यांवरून गच्छंती झाली असं म्हणणं तसं अर्धवट आहे. यूएससी जुन्या नियमभंगाच्या शिक्षेखाली भरडली जात होती. 2010 साली राष्ट्रीय संघटनेने तिच्या 30 शिष्यवृत्त्या तीन वर्षांत मिळून कापल्या होत्या आणि दोन वर्षं बोल सामन्यांना बंदी घातली होती. किफिन यांच्याकडे मुळात मुलंच कमी होती. पण 2012 च्या हंगामाआधी त्याच संघाला देशात पहिला क्रमांक दिला गेला आणि संघ सहा सामने हरला. 2013 मध्ये वॉशिंग्टन स्टेटकडून घरच्या मैदानात 10-7 अशी नामुष्की झाली, तेव्हा प्रेक्षकांनीच ‘किफिनला काढा’चा गजर केला. हेडन हे याच विद्यापीठाचे जुने नामवंत खेळाडू, शिवाय ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकून आलेले. उतावळेपणासाठी ते प्रसिद्ध नव्हते. अॅरिझोनातल्या रात्रीनंतर त्यांना वाटलं की आता थांबण्यात अर्थ नाही.

संघ आला एड ऑर्जेरॉन यांच्या हातात. लुइझियानाच्या दलदलीच्या मुलखातला हा धिप्पाड गडी, आवाज घोगरा, जणू घशात खडी भरलेली. याआधी मिसिसिपी विद्यापीठात ते तीन वर्षं मुख्य प्रशिक्षक होते आणि 35 पैकी 10 सामने जिंकून घरी गेले होते. या वेळी त्यांनी वेगळा सूर लावला. किफिन यांच्या कडक शिस्तीत मुलांच्या जेवणातून बाद झालेली बिस्किटं आणि गोडधोड परत आलं. ही बिस्किटं अमेरिकी वर्तमानपत्रांत इतकी गाजली की जणू विजयाचं गुपित पिठातच होतं. पण संघ खरोखरच मोकळा झाल्यासारखा खेळू लागला. 16 नोव्हेंबरला देशातल्या पाचव्या क्रमांकाच्या स्टॅनफर्डला त्यांनी शेवटच्या मिनिटात 20-17 असं हरवलं आणि प्रेक्षक मैदानात घुसले. ऑर्जेरॉन यांनी आठपैकी सहा सामने जिंकले.

हरलेल्या दोनांत मात्र एक नोटर डेमविरुद्धचा होता आणि दुसरा शहरातल्याच यूसीएलएविरुद्धचा. आपल्या विद्यापीठाला हे दोन शत्रू जड जातात हे यूएससीच्या वरिष्ठांनी पाहिलं आणि कायमचं पद स्टीव्ह सार्किशियन यांना दिलं. खेळाडू रडले. ऑर्जेरॉन बोल सामन्याआधीच संघ सोडून गेले. तो सामना क्ले हेल्टन यांनी सांभाळला आणि जिंकला.

दोन वर्षांनी पुन्हा तेच विद्यापीठ. 12 ऑक्टोबर 2015 ला सार्किशियन यांनाही पाच सामन्यांनंतर काढावं लागलं. कारण निकालांपेक्षा वैयक्तिक अडचणींचं होतं. पुन्हा हेल्टन हंगामी. या वेळी त्यांनी सातपैकी पाच सामने जिंकले, यूसीएलएलाही हरवलं, आणि दोन दिवसांत त्यांना कायम करण्यात आलं. ऑर्जेरॉन यांना डावलल्याची चूक विद्यापीठाला जणू सुधारायची होती. कायम झाल्यावर लगेचचे दोन्ही सामने हेल्टन हरले.

इकडे ऑर्जेरॉन एक वर्ष घरी बसले आणि आपल्या मायभूमीत, एलएसयूमध्ये सहायक म्हणून लागले. तिथे लेस माइल्स नावाचे मोठे प्रस्थ होते. 2007 च्या हंगामात त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं होतं, 148 पैकी 114 सामने जिंकले होते. तरी त्यांचं आक्रमण जुनाट झालं, अशी ओरड वाढत होती. 2015 च्या नोव्हेंबरात त्यांना काढायचं जवळपास ठरलंच होतं. शेवटच्या सामन्यानंतर खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि निर्णय मागे पडला. त्या लांबणीवर पडलेल्या शिक्षेची वेळ 24 सप्टेंबर 2016 ला आली. ऑबर्नविरुद्ध 18-13 ने मागे असताना एलएसयूने अगदी अखेरच्या क्षणी चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. जल्लोष झाला. मग पंचांनी चित्रफीत पाहिली आणि सांगितलं की खेळी सुरू होण्याआधीच घड्याळ शून्यावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी माइल्स गेले. सेकंदाभराच्या फरकाने अकरा वर्षांची कारकीर्द संपली, असं म्हणता येईल. पण ज्यांनी ती संपवली त्यांना निमित्तच हवं होतं.

ऑर्जेरॉन पुन्हा हंगामी. पुन्हा तोच मोकळेपणा. पहिल्याच सामन्यात मिझुरीवर 42-7 असा विजय. विद्यापीठ इतर मोठ्या नावांच्या मागे होतं; ती हाती लागली नाहीत तेव्हा नोव्हेंबरअखेर ऑर्जेरॉन यांना कायम केलं. मिसिसिपीत आपटलेला, लॉस एंजेलिसने नाकारलेला माणूस. त्यांनी पुढे ओहायो स्टेटमध्ये बाकावर बसलेल्या जो बरो नावाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, आणलं, आक्रमणासाठी तरुण सहायक आणले, आणि 2019 च्या हंगामात एलएसयूने पंधराच्या पंधरा सामने जिंकले.

13 जानेवारी 2020 ची न्यू ऑर्लिन्समधली अंतिम लढत या सगळ्या गोष्टीचा कळस म्हणायला हवी. एका बाजूला ऑर्जेरॉन यांची एलएसयू. दुसऱ्या बाजूला डॅबो स्विनी यांची क्लेमसन. होय, तेच स्विनी. तोवर 2016 आणि 2018 ची अजिंक्यपदं जिंकून बसलेले. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात समोरासमोर उभे असलेले दोन्ही प्रशिक्षक मुळात कुणाची तरी भर हंगामात उचलबांगडी झाली म्हणून त्या खुर्चीत आले होते. एलएसयू 42-25 ने जिंकली.

देशभरच्या क्रीडा संचालकांनी, विद्यापीठाला देणग्या देणाऱ्या धनिकांनी ही रात्र पाहिली. त्यांनी यातून काय धडा घेतला असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

धडा मात्र कच्चा होता. न्यू ऑर्लिन्सच्या मैदानात जे दोघं उभे होते ते दिसले. जे हंगामी प्रशिक्षक हरले, विसरले गेले आणि पुन्हा सहायक झाले ते कुणाला दिसणार? लॉटरी लागलेल्याचा फोटो छापून येतो, बाकीची तिकिटं केरात जातात.

शिवाय विद्वानांनी यावर आकडेमोड केलीच होती. स्कॉट अॅड्लर, मायकेल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी या तीन राज्यशास्त्रज्ञांनी 1997 ते 2010 या काळातले कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षकबदल तपासले. त्यांनी नुसतं ‘आधी आणि नंतर’ पाहिलं नाही. ज्या विद्यापीठांनी कोच बदलला त्यांची तुलना तितकीच वाईट कामगिरी असूनही कोच न बदललेल्यांशी केली. निष्कर्ष असा निघाला की तळाला गेलेल्या संघांना बदलाने फारसा फरक पडत नाही, आणि मधल्या फळीतल्या संघांची कामगिरी बदलानंतर उलट खालावते. त्यांनी तपासले ते बदल सर्वसाधारण होते, केवळ भर हंगामातले नव्हते. पण ज्याच्या हाती नवी मुलं आणायला अख्खं वर्ष आहे त्यालाही जिथे चमत्कार करता येत नाही, तिथे आठवड्याभरात संघ हाती आलेल्या सहायकाकडून कसली अपेक्षा करायची?

मग हंगामी प्रशिक्षक आल्यावर दोन-तीन सामने संघ उसळी मारतो, ते काय असतं? थोडं खरंच असतं: दडपण उतरतं, बाकावरच्या मुलांना संधी दिसते. पण बरंचसं नशिबाचं गणित आहे. कोचला सहसा तेव्हाच काढतात जेव्हा संघ आपल्या कुवतीपेक्षाही वाईट खेळलेला असतो, चेंडू नको तिथे उडालेले असतात, पंचाचं घड्याळ उलटं गेलेलं असतं. नशीब इतकं वाईट फार काळ राहत नाही. ताप उतरायलाच आलेला असताना अंगारा लावला की अंगाऱ्याला यश मिळतं. नेदरलँड्समधले अर्थतज्ज्ञ बास टेर वेल यांनी तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचे 1986 ते 2004 पर्यंतचे निकाल तपासले तेव्हा हेच दिसलं होतं: प्रशिक्षक काढलेले संघ सावरतात, आणि न काढलेलेही जवळपास तसेच सावरतात.

तरीही हकालपट्ट्या वाढतच गेल्या. याचं कारण न्यू ऑर्लिन्सच्या मोहात जितकं होतं त्याहून जास्त कॅलेंडरमध्ये होतं. 2017 च्या डिसेंबरात मुलांच्या सह्यांसाठी फेब्रुवारीआधीचा नवा मुहूर्त सुरू झाला आणि बघता बघता बहुतेक मुलं डिसेंबरातच सही करू लागली. 2021 मध्ये दुसरा बांध फुटला: खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून, एकही वर्ष न गमावता, लगेच खेळायची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवता येऊ लागले. म्हणजे नोव्हेंबरअखेर कोच काढून शोध सुरू करणारं विद्यापीठ वरातीमागून घोडं नेल्यासारखं झालं. सप्टेंबरातच काढलं तर दोन महिने उघडपणे शोध घेता येतो, दलालांशी बोलता येतं, मुलांच्या घरच्यांना सांगता येतं की नवं पर्व येतंय.

यूएससीने हा नवा हिशोब सर्वांत स्वच्छपणे मांडून दाखवला. 13 सप्टेंबर 2021 ला, हंगामाचे दोनच सामने झाले असताना, त्यांनी क्ले हेल्टन यांना घरी पाठवलं. सहा वर्षांपूर्वी हंगामी म्हणून आलेला माणूस त्याच दाराने गेला. हंगामी झाले डॉन्टे विल्यम्स. त्यांच्या पहिल्या सामन्यात संघ 14-0 ने मागे पडून 45-14 ने जिंकला आणि वर्तमानपत्रांना पुन्हा बिस्किटांची आठवण झाली असावी. पुढे काय झालं? विल्यम्स यांच्या हाताखाली दहापैकी तीनच सामने जिंकले. 4-8, म्हणजे चार विजय आणि आठ पराभव, हा हंगाम विद्यापीठाचा तीस वर्षांतला सर्वांत वाईट ठरला. आणि तरीही यूएससीला पश्चात्ताप झाला नाही, कारण 28 नोव्हेंबरला त्यांनी ओक्लाहोमाहून लिंकन रायली यांना पळवून आणलं. त्यांच्यापाठोपाठ क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स आला, पुढच्या वर्षी 11 सामने जिंकले, केलेबला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला.

संघाला फायदा झाला का, हा प्रश्न इथे दुभंगतो. 2022 च्या संघाला झाला. 2021 चा संघ, ज्यात त्या वर्षी शेवटचं खेळणारी मुलं होती, तो त्या फायद्याची किंमत म्हणून खर्ची पडला. क्रीडा संचालक जेव्हा पत्रकार परिषदेत ‘आमच्या विद्यार्थ्यांच्या हितासाठी’ असं म्हणतात तेव्हा कोणते विद्यार्थी, हे विचारायला हवं. बहुधा अजून न आलेले.

वर्षभरात नियतीने हेल्टन यांच्या हाती एक गदा दिली. ते जॉर्जिया सदर्न या लहान विद्यापीठात गेले होते. 10 सप्टेंबर 2022 ला त्यांचा संघ नेब्रास्काच्या अवाढव्य मैदानात उतरला आणि 45-42 ने जिंकला. दुसऱ्या दिवशी नेब्रास्काचे स्कॉट फ्रॉस्ट यांना नारळ मिळाला. फ्रॉस्ट म्हणजे 1997 च्या विजेत्या नेब्रास्का संघाचा क्वार्टरबॅक, गावचा लाडका. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांचे सामने थोडक्यात निसटत: आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेल्या सत्तावीस सामन्यांपैकी ते बावीस हरले होते. करारात लिहिलं होतं की 1 ऑक्टोबरनंतर त्यांना काढलं तर दीड कोटी डॉलरऐवजी 75 लाखच द्यावे लागतील. विद्यापीठाने तीन आठवडेही दम धरला नाही. म्हणजे त्या तीन आठवड्यांची किंमत 75 लाख डॉलर. बदल्यात काय मिळालं? हंगामी प्रशिक्षक मिकी जोसेफ यांच्या पहिल्याच सामन्यात ओक्लाहोमाकडून 49-14 ची धूळ, आणि तो धरून नऊ सामन्यांत तीन विजय. नोव्हेंबरअखेर नेब्रास्काने मॅट रूल यांना आणलं, ज्यांना दीडच महिन्यापूर्वी व्यावसायिक फुटबॉलमधल्या कॅरोलायना पँथर्सनी, अर्थातच भर हंगामात, काढलं होतं.

त्याच शरद ऋतूत अॅरिझोना स्टेट, जॉर्जिया टेक, कोलोराडो, विस्कॉन्सिन, ऑबर्न अशी रांगच लागली. जॉर्जिया टेकमध्ये ब्रेंट की यांनी आठपैकी चार सामने जिंकून पद कायम केलं आणि पुढे ते सार्थही केलं. कोलोराडोचा संघ पाचही सामने हरलेला होता. हंगामी प्रशिक्षकाने सातपैकी एक जिंकला. एक डावा, एक उजवा, बाकीचे जागच्या जागी.

पैशाचा विचार करायचा तर नेब्रास्काचे दीड कोटी ही चिल्लर वाटावी असं पुढच्याच वर्षी घडलं. टेक्सस ए अँड एमने 2017 च्या डिसेंबरात जिम्बो फिशर यांना दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरचा, संपूर्ण हमीचा करार दिला होता. 2021 मध्ये तो आणखी वाढवला. 12 नोव्हेंबर 2023 ला त्यांना काढलं तेव्हा देणं निघालं 7 कोटी 60 लाख डॉलरच्या आसपास. आदल्याच दिवशी त्यांचा संघ 51-10 ने जिंकला होता. हा करार मुळात करणारे क्रीडा संचालक होते स्कॉट वुडवर्ड. हे नाव लक्षात ठेवायचं. ते लवकरच पुन्हा येणार आहे.

2025 च्या हंगामात या प्रथेची जत्राच भरली, आणि उसळीचा खरा नमुना पाहायचा असेल तर यूसीएलएकडे पाहावं. तीन सामने हरल्यावर 14 सप्टेंबरला तिथे डेशॉन फॉस्टर यांना काढलं. हंगामी टिम स्किपर चौथा सामना हरले. मग 4 ऑक्टोबरला हा शून्य विजयांचा संघ देशातल्या सातव्या क्रमांकाच्या पेन स्टेटला 42-37 ने हरवून बसला. आक्रमणाची सूत्रं त्याच आठवड्यात जेरी न्यूहायझल या तरुण सहायकाकडे आली होती. त्याचे वडील पूर्वी इथलेच मुख्य प्रशिक्षक. मुलाला खेळाडूंनी खांद्यावर घेतलं. पुढचे दोन सामनेही जिंकले. देशभर लेख आले की पाहा, कोच बदलल्याने काय होतं. त्यानंतर यूसीएलए उरलेले पाचही सामने हरली, त्यातला एक इंडियानाकडून 56-6 असा. हंगाम संपला 3-9 वर.

पण त्या एका दुपारने दुसरं घर पेटवलं. पेन स्टेटला हंगामाच्या सुरुवातीला दुसरा क्रमांक मिळाला होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यात होते. ओरेगनकडून दोन जादा डावांनंतर हार, मग यूसीएलएकडून, मग घरच्या मैदानात नॉर्थवेस्टर्नकडून 22-21. 12 ऑक्टोबरला जेम्स फ्रँकलिन गेले. बारा वर्षांत 104 विजय मिळवलेला माणूस तीन शनिवारांत संपला. हंगामी टेरी स्मिथ सुरुवातीचे तीनही सामने हरले, साखळीतले नंतरचे तीनही जिंकले. ते पेन स्टेटचेच जुने खेळाडू. मुलांना तेच हवे होते. विद्यापीठाने आयोवा स्टेटच्या मॅट कॅम्बेल यांना आणलं. फ्रँकलिन यांना तोवर व्हर्जिनिया टेकने उचललंही होतं. व्हर्जिनिया टेकनेही आपला कोच सप्टेंबरातच काढलेला होता.

जिथे उसळीसुद्धा आली नाही त्या जागाही नोंदवायला हव्यात. ओक्लाहोमा स्टेटने 2005 पासून पदावर असलेल्या माइक गंडी यांना 23 सप्टेंबरला काढलं आणि उरलेले नऊच्या नऊ सामने हरले. अर्कान्सासने सॅम पिटमन यांना पाच सामन्यांनंतर काढलं. त्यानंतरचे सात सामने हरले, काही अगदी थोडक्यात. त्या दोन गावांत बिस्किटांवर कुणी लेख लिहिला नाही.

26 ऑक्टोबरला पाळी आली एलएसयूची. ऑर्जेरॉन यांचं राज्य अजिंक्यपदानंतर दोनच वर्षं टिकलं होतं. 2021 च्या ऑक्टोबरात, म्हणजे पुन्हा भर हंगामात, त्यांना जायला सांगण्यात आलं आणि हंगाम पुरा करून, एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास डॉलर घेऊन ते गेले. त्यांच्या जागी ब्रायन केली आले. केली यांना आणणारे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड, तेच. टेक्सस ए अँड एमने, तेही तेच, घरच्या मैदानात 49-25 ने हरवल्यावर केली यांची हकालपट्टी झाली आणि हिशोब पाच कोटी तीस लाख डॉलरच्या वर गेला. राज्यपाल जेफ लँड्री जाहीरपणे भडकले. जो माणूस टेक्ससला असा करार करून आला त्यानेच लुइझियानाला हा करार केला, आता पुढचा कोच त्याने निवडायचा नाही, असं त्यांनी सुनावलं. चार दिवसांत वुडवर्डही गेले. हंगामी फ्रँक विल्सन यांनी साखळीतले उरलेले चार सामने खेळले: दोन जिंकले, दोन हरले.

आणि नवा प्रशिक्षक? 30 नोव्हेंबर 2025 ला मिसिसिपी विद्यापीठाच्या गावी, ऑक्सफर्डच्या छोट्या विमानतळावर संतापलेल्या चाहत्यांची गर्दी जमली होती. त्यांच्या संघाने 11 सामने जिंकून इतिहासात पहिल्यांदाच अजिंक्यपदाच्या बाद फेरीत जागा मिळवली होती, आणि ती फेरी सुरू व्हायच्या आधीच त्यांचा कोच दुसरीकडे निघाला होता. या खेपेला कुणी त्याला काढलं नव्हतं. बॅटन रूजला त्याची वाट पाहणाऱ्या एलएसयूने सात वर्षांचा करार तयार ठेवला होता, वर्षाला सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरचा, मुदतीआधी काढलं तर किती द्यायचे त्या कलमासह. लोकांच्या शिव्या खात लेन किफिन विमानात चढले.